काकवीचं पाणी

“हात जरा सैल सोडा की थोरल्या वैनी, मनगट हाय का खलबत्ता?” कासारीण चंद्राबाई माझी बोटं पिळत म्हणाली.

“मनगटाला काय झालंय? तुझ्याच बांगड्या बाहुलीच्या हाईत. मोठं माप काढ.”

“ह्याच्यापेक्षा मोठं माप माझ्या पेटीत न्हाई. कोल्हापुरात सांगून करून घ्यावं लागंल.”

सोप्यात बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दसरा तोंडावर आला होता आणि बांगड्या भरायला निम्मी आळी आमच्याच सोप्यात जमली होती. माझ्या मनगटाला साबण लावून झाला, तेल लावून झालं, तरी बांगडी अंगठ्याच्या गाठीपाशी अडून बसलेली. आणि शेजारी माझी धाकटी जाऊ रतन हात पुढं करून बसली होती. चंद्राबाईनं माझ्या हाताचा नाद सोडून तिच्या हातात बांगडी सरकवली. ती न अडता थेट कोपराकडं गेली, आणि रतननं हात खाली केल्याबरोबर मनगट, पंजा, बोटं ओलांडून चटईवर पडली.

“आगं बया!” चंद्राबाई म्हणाली. “धाकट्या वैनींना पोरींचं माप लागतंय आता! सून आणायच्या वयात नवरी झाल्या की.”

सगळ्या जणी रतनकडं बघायला लागल्या. रतन लाजली. पन्नाशीला टेकलेली बाई, आणि लाजते. मी माझा हात पदरात घेतला.

लग्न होऊन पोवारांच्या घरात मी आधी आले. रतन माझ्यामागून आली. आली तेव्हा ती अशी गोल गरगरीत होती की मी तिला ‘लाडू’ म्हणायची, आणि तिला राग आला तरी ती हसायची. माझं अंग भरलेलं होतं, पण ते मला शोभायचं. सण असो, लग्न असो, “थोरली काय उठून दिसती” हे मी इतकी वर्षं ऐकत आले होते. धाकटीबद्दल कुणी काही बोलायचं नाही. ती पुऱ्या लाटायची. आणि त्या साली चैत्रापासून तिचं अंग उतरायला लागलं. आधी गाल गेले, मग दंड, मग पोट. दसऱ्यापर्यंत तिची मान अशी लांब दिसायला लागली, जशी काही देवानं नवी बसवून दिली.

“काय करता हो धाकट्या वैनी?” समोरच्या घरातली यसू पुढं सरकली. “आम्हालाबी सांगा की.”

“काय न्हाई बाई. सकाळी अनशापोटी कोमट पाण्यात काकवी घेती. वर लिंबू. आणि साखर बंद केली.”

“काकवी?”

“तर वो. साखर चढवती, गूळ उतरवतोय. आणि सोमवार, गुरवार, शनवार धरती.”

आमचं घरचं गुऱ्हाळ होतं. काहिलीत उसाचा रस आटत आला, की गूळ धरायच्या जरा आधी जो दाट, तांबूस पाक असतो ती काकवी. बाकीच्यांना ती भाकरीबरोबर खायला वर्षाकाठी वाटीभर मिळायची, आमच्याकडं डबे भरून असायची. त्या दिवसानंतर आळीतल्या बायका तांबे घेऊन दारात यायला लागल्या. “धाकट्या वैनींची काकवी द्या.” घर माझं, गुऱ्हाळ माझ्या मालकांनी उभं केलेलं, आणि काकवी धाकट्या वैनींची!

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गिळलं असतं. पण त्याच उन्हाळ्यात गुऱ्हाळावर चिपाडाच्या गंजीला आग लागली होती. रस काढून वाळवलेला ऊस तो, रॉकेलसारखा पेटतो. ज्वाळा छपराकडं निघाल्या तेव्हा मालकांनी दोन्ही हात वर केले आणि ग्रामदेवी भावकाईला नवस बोलले. वारं फिरलं, छप्पर वाचलं. आणि दसरा झाल्यावर जेवताना मालक सहज म्हणाले, “दिवाळी झाली की नव्या गुळानं तुला उरकून टाकू.”

“कसली तुला?”

“गुळतुला. भावकाईला बोललोय. माझ्या घरच्या दोघी लक्ष्म्या तुला गुळात तोलीन, म्हणालो.”

माझ्या हातातली पळी आमटीत पडली. “मला न इचारता माझं वजन देवीला बोलला? नारळ न्हवतं बोलायला? खण न्हवता?”

“आग लागल्यावर माणूस इचार करून बोलतंय व्हय?”

“मग सोताला बोलायचं हुतं.”

“माझं वजन ते किती हौसे! देवीला काय मिळणार?”

आणि हसले. त्यांना हसू येत होतं, कारण पारड्यात त्यांना बसायचं नव्हतं. देवळापुढं लिंबाच्या फांदीला तराजू टांगायचा, एका पारड्यात आधी थोरली बसणार, मग त्याच पारड्यात धाकटी बसणार, आणि समोर गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, चढत जाणार. सगळं गाव उभं राहून बघणार. गूळ प्रसाद म्हणून घरोघर जाणार, आणि त्याच्याबरोबर बातमीही जाणार. कुणाला किती लागला.

मी भावकाईकडं एकच मागणं मागितलं. रतनपेक्षा माझ्या समोर एक ढेकूळ तरी कमी लागू दे.

दुसऱ्या दिवसापासून मी भात सोडला. भातानं पोट सुटतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. भाताच्या जागी एक भाकरी जास्त घेतली, आणि कोरडी उतरत नाही म्हणून शेंगदाण्याच्या चटणीवर तेल घेतलं. रात्रीचं जेवण सोडलं, तर पहाटे पोटात असा आगडोंब उसळायचा की चहाबरोबर चपात्या जायच्या. रतन आठवड्यातून तीन उपास करते म्हटल्यावर मी चार धरले. उपासाला साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, वर बटाट्याचा कीस तुपात परतून. उपासाच्या दिवशी मी जेवढं खाल्लं तेवढं साध्या दिवशी कधी खाल्लं नव्हतं, पण मनाला वाटायचं, उपास आहे, अंगाला लागणार नाही.

मग यसूनं सांगितलं की घामातनं चरबी जाते. दिवाळीच्या आधी गुऱ्हाळ लागलं, काहिलीखालचं चुलवाण पेटलं. मी दुपारी तिथं गेले, अंगाभोवती खताच्या पोत्याचा प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला, वर लुगडं नेसले आणि चुलवाणाच्या तोंडापाशी जाऊन बसले. घामाच्या धारा लागल्या. डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले तेव्हा मालक धावत आले.

“हौसे, काय चाललंय ह्ये? सती जातीस व्हय? आजून जिवंत हाय मी!”

“घाम काढतीया.”

“मग ऊस तोडाय जा.”

मी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. तिथल्या गूळ तोलायच्या काट्यावर उभी राहिले. वजन उतरलं होतं! मला इतका आनंद झाला की मी तांब्याभर पाणी घटाघटा प्याले, वर उसाचा रस प्याले. पुन्हा काट्यावर चढले. काटा जिथल्या तिथं. मालक बघत होते. मिशीत हसले. त्या दिवशी मी त्यांना जेवायला वाढलं नाही.

शेवटी राहिली काकवी. तिचं नाव रतनच्या तोंडून आलं म्हणून मी हट्टानं प्यायले नव्हते. पण दिवस संपत आले होते. मी गुपचूप सुरुवात केली. रतन चमचाभर घ्यायची, मी पळीभर. सकाळी घेतली, संध्याकाळी घेतली. भाऊबिजेला सगळ्यांना वाढायला वाकले आणि पोलक्याची शिवण बगलेपासून कमरेपर्यंत टरकली. माझे दीर दिनकरभावजी ताटात बघत राहिले. रतन धावत आली, तिनं आपला पदर माझ्या पाठीवर टाकला.

“राहू दे आक्का, मी वाढती.”

तिचा तो हात माझ्या पाठीला लागला, काडीसारखा, आणि मला असं वाटलं की तो झटकून टाकावा. तीच काकवी, एकाच काहिलीतली, एकाच डब्यातली. ती पिऊन ही वेताची छडी होते आणि माझी पोलकी फाटतात? असं होईलच कसं? काकवी दोघींना ओळखून वागते काय? हिचं काहीतरी वेगळं आहे. ही मला खरं सांगत नाही. कसली तरी पुडी घेते, कुठल्या तरी वैद्याकडं जाते, आणि गावाला काकवीचं नाव सांगते.

त्या दिवसापासून मी तिच्यावर डोळा ठेवला. नवऱ्यानं बायकोवर ठेवला नसेल, सासूनं सुनेवर ठेवला नसेल, असा. घर एकच होतं, चुली दोन, मधे एक दार. रतन कितीदा मोरीवर जाते, कितीदा माठापाशी जाते, सगळं माझ्या कानांना कळायचं. तिचा तांब्या माठात बुडाला की मी मान वर करायची. पुन्हा बुडाला की पुन्हा. बाई मासोळीसारखी पाणी पीत होती. मला वाटलं, यातच गंमत आहे. पाण्यात काही तरी टाकून पिते.

तुलेच्या आदल्या दुपारी पुरुष गुऱ्हाळावर होते. तिच्या स्वैपाकघरात भांड्याचा आवाज झाला. तो तिचा उपासाचा शनिवार होता. मी मधलं दार हळूच ढकललं.

रतन चुलीपाशी बसली होती. पुढ्यात भाकऱ्यांची चवड. दुधाचं पातेलं. ती भाकरी कुस्करून दुधात टाकत होती आणि खात होती, जशी काही कुणी हिसकावून घेणार आहे. परातीत कालचा भात होता, तोही ओढून घेतला. वर काकवी ओतली. खाताना तिचे डोळे मिटलेले होते.

“छान चाललाय की उपास!”

ती दचकली. तोंडातला घास तिला गिळता येईना, थुंकता येईना.

“आक्का…”

“गावाला काकवीचं पाणी पाजतीस, आणि आत बसून गड्यासारखी हाणतीस?”

“आक्का, वरडू नका.” तिनं पुढं होऊन माझा पदर धरला. “मला भूक लागती. लई भूक लागती. खाल्लं की घटकाभरानं परत तेच. पयल्यांदा मी खरंच उपास करत हुते. आता न्हाई जमत. कुणाला सांगू नका.”

“का नको? सांगतेच की. उद्या सगळा गाव गोळा हाय.”

“तुमच्या पाया पडती.” आणि ती खरंच पडली. “आक्का, तुमचं येगळं हाय. तुमच्याकडं लोक पयल्यापासनं बघत आल्यात. माझ्याकडं कधी कुणी बघितलं? परवा ह्यांनी मला आबोलीचा गजरा आणला. लग्नाला इतकी वर्सं झाली, आजवर कधी आणला न्हवता. उद्याचा दिवस निघू दे. मग मी सोताच सांगती, की रतन चोरून खाती.”

मी तिला उठवलं. “न्हाई सांगत जा,” म्हणाले. ती तिथंच बसून पदरानं तोंड पुसत राहिली, आणि मी मधलं दार लावून घेतलं.

त्या दुपारी मला झोप छान लागली. कधी सांगायचं ते माझं ठरलं होतं.

तुलेला गाव लोटलं. लिंबाच्या फांदीला तराजू टांगला होता, पारड्यांना झेंडूची माळ होती. हलगी वाजत होती. नव्या गुळाचे पिवळेधमक रवे रचून ठेवले होते. आधी मी बसले. पारडं धपकन खाली गेलं. समोर एक रवा चढला, दुसरा चढला, चढतच राहिले. हलगीवाला थांबला, पुन्हा वाजवायला लागला, त्याचे हात दुखायला लागले असतील. रचलेल्या गुळाची रास डोळ्यांदेखत खाली येत होती. मागं कुणीतरी मालकांचं नाव घेऊन म्हणालं, “शामरावांना चुलवाण परत पेटवाय लागतंय!” हसू फुटलं. मी मान खाली घातली नाही. देवीच्या गाभाऱ्याकडं बघत ताठ बसले, पारडं उचललं गेलं तेव्हा ताठच उतरले.

मग रतन. हिरवं लुगडं नेसली होती, अंबाड्यात आबोलीचा गजरा. चार पावलं चालून आली तरी तिला धाप लागली होती. लोकांना वाटलं लाजते. ती पारड्यात बसली. पारडं हळूच खाली टेकलं. समोर मालक आणि दिनकरभावजी रवे ठेवायला लागले. हात थांबले. एक रवा काढून घेतला. तरी गुळाचंच पारडं खाली. अजून एक काढला.

“वा!” यसू ओरडली. “काकवीनं कमाल केली!”

“भावकाईची किरपा!” कुणी म्हणालं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. दिनकरभावजींची छाती फुगली होती. तिसरा रवाही काढला. रतन साखळी धरून बसली होती आणि हसत होती.

ती टाळी माझ्या कानात तापलेल्या उलथन्यासारखी लागली. मी पुढं झाले.

“कसली काकवी आणि कसली किरपा!” मी अशी ओरडले की हलगी बंद पडली. “इचारा हिला, काल उपासाच्या दिवशी काय खाल्लं! चोरून खाती ही! मी दोन्ही डोळ्यांनी बघितलंय. भाकऱ्यांची चवड, पातेलंभर दूध, परातभर भात!”

“आक्का, तुम्ही शबूद दिला हुता,” रतन पारड्यातून म्हणाली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

“वैनी, आज तरी तोंड आवरा!” दिनकरभावजी म्हणाले.

“का आवरू? माझ्या तिप्पट खाती ही! दिवसभर माठ रिकामा करती! माझ्या तिप्पट खाती, आणि हे बघा, हे बघा तिचं पारडं…”

मी बोट दाखवलं. आणि माझं बोट तसंच हवेत राहिलं.

पारडं वर होतं. त्यात ती बसली होती. गळ्याखालची दोन हाडं, त्यांच्यात पाणी साठेल एवढे खळगे. लुगड्याच्या आत अंग कुठं सुरू होतं ते दिसत नव्हतं. माझ्या तिप्पट खाते, आणि समोरचे रवे काढावे लागतात. मग ते जातं कुठं?

“हौसे, चल मागं,” मालक माझा दंड धरून हळू म्हणाले. “जळावं, पण इतकं न्हवं.”

“व्हय, जळतीया! सोडा मला.” मी दंड सोडवून घेतला. “भावजी, मला सांगा. तुमचा बैल ह्या उन्हाळ्यापासनं दुप्पट वैरण खायला लागला असता, हौद रिकामा करून पाणी प्याला असता, आणि त्याची हाडं वर आली असती, तर तुम्ही त्याच्या गळ्यात माळ घातली असती का डॉक्टर बोलावला असता?”

दिनकरभावजींनी हातातला रवा खाली ठेवला.

“बोला की! का बायको म्हणून गजरा?”

“आता तुला पुरी हू दे,” पुजारी मधे पडला. “अर्धी तुला सोडली तर देवीचा कोप हुतोय.”

“तो माझ्यावर होऊ दे.”

मी रतनचे दोन्ही दंड धरले आणि तिला पारड्यातून ओढून काढलं. समोरचं गुळाचं पारडं जमिनीवर आदळलं, रवे फुटले, बायका किंचाळल्या. रतनला ओढताना मी जोर लावला होता, मला वाटलं होतं जड जाईल. काहीच लागलं नाही. कपड्याचं बोचकं उचलावं तशी ती माझ्या अंगावर आली, आणि तिथंच तिनं मान टाकली.

मग सगळे धावले. तोवर कुणी हललं नव्हतं.

मालकांनी गुऱ्हाळावरची जीप काढली. तालुक्याच्या दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची होती. तिनं रतनच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं, यंत्रात बघितलं, पुन्हा घेतलं, पुन्हा बघितलं. मग सलाईन लावायला सांगितलं आणि आमच्याकडं वळली.

“ह्यांना साखर आहे हे तुम्हाला माहीत होतं?”

“साखर?” दिनकरभावजी म्हणाले. “तिनं तर साखर कवाच बंद केली, डॉक्टर. च्यासुदीक बिनसाखरेचा. नुसती काकवी घेती.”

डॉक्टरणीनं हातातलं पेन टेबलावर ठेवलं. “काय घेतात?”

“काकवी. घरचीच हाय, चोख. कोमट पाण्यातनं. वजनाला चांगली असती.”

“कधीपासून?”

“चैत्रापास्नं.”

डॉक्टरणीनं खुर्ची ओढून घेतली. मग तिनं आवाज न चढवता सांगितलं. साखर काय, गूळ काय, काकवी काय, रक्तात गेल्यावर सगळं एकच. रतनच्या अंगात मधुमेह कधीचा मुरला होता. खाल्लेलं अन्न शरीराला वापरता येत नव्हतं, म्हणून भूक भागत नव्हती. आणि अन्न मिळत नाही म्हटल्यावर शरीर स्वतःचंच मांस खात होतं. त्याच्यावर आम्ही रोज सकाळी काकवी ओतत होतो. अजून थोडे दिवस असेच गेले असते तर आणायची गरज पडली नसती, म्हणाली.

दिनकरभावजी भिंतीला टेकून खाली बसले.

“बाई बारीक होतेय आणि बाई वाळतेय, यातला फरक घरात कुणालाच दिसला नाही?” डॉक्टरणीनं विचारलं.



“मला दिसला,” मी म्हणाले.

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. गावात अजून कुणी ती गोष्ट सांगतं ती अशी, की पोवारांच्या थोरलीला धाकटीची शोभा बघवली नाही म्हणून तिनं देवीची तुला मोडली. यसू तर पुढं कितीतरी वर्षं सकाळी काकवीचं पाणी पीत होती. मी कुणाला काही समजवायला गेले नाही.

रतनला दवाखान्यातून सोडायच्या आदल्या सकाळी तिच्याजवळ मी एकटीच होते. सुई घेऊन तिचा चेहरा जरा हुशारला होता. डॉक्टरीण तपासून गेली होती. औषध नेमानं घेतलं, गोड सोडलं, रोज चाललात तर हळूहळू अंग भरेल, म्हणाली होती. रतन छताकडं बघत पडली होती.

“परत जाडी हुईन मी,” ती म्हणाली.

“हो.”

“तुम्हाला बरं वाटलं आसंल.”

“वाटलं.”

ती हसली. मग तिनं माझ्याकडं मान वळवली.

“आक्का, एक इचारू? खरं सांगा. त्या दिवशी तुम्ही पुढं झाला, ते मला वाचवायला का उघडं पाडायला?”

मी तिच्यासाठी पेरू चिरत होते. खोटं बोलायचं असतं तर तेव्हाच बोलायचं होतं.

“उघडं पाडायला,” मी म्हणाले.

“मग बरं झालं,” रतन म्हणाली. “वाचवायला म्हणून तर कुणीच येत न्हवतं.”